बोरस्ते मॅडमची पाण्यातली पंगत

बोरस्ते मॅडमची आणि माझी ओळख झाली ती पाण्याच्या वेळा विचारायला गेलो तेव्हा. मी नाशकात नवा होतो. अंबडला कंपनीत रुजू झालो होतो आणि पंचवटीत बाजारामागच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने जागा घेतली होती. समोरचं दार उघडंच होतं. आत काचेच्या मोठ्या टाकीपुढे एक उंच, काटक बाई साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या लांब चिमट्याच्या टोकाला काहीतरी वळवळत होतं. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "पोट डोक्याएवढंच रुंद पाहिजे. डोक्यापेक्षा रुंद झालं की समजायचं, खाणं चुकतंय." मग वळून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, शर्टाच्या मधल्या बटणापाशी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "नियम यांचा आहे. पण माणसाला लावायला हरकत नाही. बसा."

'यांचा' म्हणजे टाकीतल्या दोघांचा. ॲक्सोलॉटल हा प्राणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वीतभर लांब, चार पायांचा, चपट्या रुंद डोक्याचा, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तुरे असलेला. ते तुरे म्हणजे त्याचे कल्ले. मूळ मेक्सिकोतला, बेडकाचा लांबचा नातेवाईक, पण बेडकासारखा जमिनीवर न येता जन्मभर पाण्यातच राहणारा. तोंड असं, की सदा कशावर तरी खूश असल्यासारखं वाटतं. गुलाबीसर पांढरी होती ती मैना आणि काळपट होता तो तात्या. इमारतीत मात्र त्यांना 'मॅडमच्या पाली' म्हणत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकाने "इमारतीत पाली पाळायला परवानगी आहे का?" असं विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुमच्या ट्यूबलाइटमागं आहेत त्यांची काढलीय का? त्यांची दाखवा, मग माझ्यांची दाखवते." वास्तविक त्यांच्याकडे सगळी रीतसर नोंदणी होती. पण ती दाखवण्यापेक्षा हे उत्तर देण्यात त्यांना जास्त मजा वाटली असणार.

मॅडम मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज मैदानावरचाच राहिला होता. खाली बाजारात भाजीवाली मेथीची जुडी बांधताना हात मारायला लागली, तर या दुसऱ्या मजल्यावरून "मावशी, नीट बांधा!" म्हणत आणि नसलेल्या गिऱ्हाइकाचं भलं करत. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारण्याची माझी काय, कुणाचीच छाती नव्हती. त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. चहासुद्धा उभ्यानेच प्यायच्या आणि समोरच्याला मात्र बसायला लावायच्या. मला त्या 'अंबडवाले' म्हणत. नाव सांगून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

हे दोन प्राणी त्यांच्याकडे आले तेही भांडणातून. वरच्या मजल्यावरचं तरुण जोडपं परदेशी निघालं होतं आणि त्यांचं सामान जिन्यात पसरलं होतं. त्याबद्दल झापायला मॅडम वर गेल्या आणि टाकी घेऊन खाली आल्या. त्या मुलीने सांगितलं होतं, "काही त्रास नाही मॅडम. ठरल्या वेळी गोळ्या टाकायच्या. पाकिटावर लिहिलंय, यात सगळं असतं."

"जन्मापासून हेच खातायत?"

"हो."

"अगं, होस्टेलच्या मेसमध्येसुद्धा रविवारी गोड असतं!"

हा प्रसंग त्या नेहमी सांगत आणि दर वेळी त्यांना तितकाच राग येई. त्यांचं माहेर दिंडोरीकडचं, शेतकऱ्याचं. वडील म्हणत, एका वावरात लागोपाठ एकच पीक घेतलं की जमीन रुसते, तिला फेरपालट लागते. मॅडमनी हा धडा जमिनीपुरता ठेवला नाही. शाळेत असताना मुलींचे डबे उघडून बघायच्या आणि रोज बटाट्याची भाजी आणणाऱ्या मुलीच्या आईला शाळेत बोलावून घ्यायच्या. तोच धडा आता टाकीत उतरला. एके दिवशी गांडूळ, धुऊन, चिरून. मधे एक दिवस सुट्टी, कारण मोठ्या झालेल्या ॲक्सोलॉटलला रोज खायला लागत नाही. मग सोललेली कोळंबी, बिनमिठाची. कधी मासेवाल्या दुकानातून आणलेल्या गोठवलेल्या लाल अळ्या. आणि हो, गोळ्याही. "गोळीनं माझं काय घोडं मारलंय? पण तीच तीच का?" दोघांना एकाच दिवशी एकच पदार्थ कधी देत नसत. मैनेला कोळंबी असली की तात्याला गांडूळ. एखाद्या मालात खोट निघाली तर दोघं एकदम आजारी पडायला नकोत, असा त्यामागे हिशेब होता. हा सगळा कार्यक्रम त्यांच्या डोक्यात असे आणि तो चुकलेला मी पाहिला नाही.

आमच्याकडे सल्ला देणाऱ्यांची वानवा नाही. रामकुंडावर माशांना कणकेचे गोळे टाकून पुण्य मिळवलेले एक आजोबा टाकीतही कणीक टाकायला निघाले होते. त्यांना मॅडमनी हाताला धरून बाहेर नेलं. कुणी म्हणालं, मटणाचा खिमा द्या, धष्टपुष्ट होतील. "चरबी पचत नाही त्यांना," मॅडम म्हणाल्या आणि पुढे, "तुम्हालाही पचत नाहीये, दिसतंय." उन्हाळ्यात तर सगळी इमारतच कामाला लागे. या प्राण्यांना गार पाणी लागतं आणि एप्रिलमध्ये दुपारी वीज गेली की पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद. मग मॅडम जिन्यात उभ्या राहून हाक देत आणि प्रत्येक घरातून फ्रीजरमधली बर्फाची बाटली बाहेर येई. ज्याने मीटिंगमध्ये परवानगी विचारली होती, त्याच्याकडून दोन येत.

पण माणसाला कामाला जुंपणं आणि माणूस बदलणं यांत फरक आहे. दुसरं मॅडमना कसं जमतं ते मी दामलेकाकूंच्या बाबतीत पाहिलं. काकू तळमजल्यावरच्या. घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. एकदा श्रावणात मॅडमना पंच म्हणून स्पर्धेला बाहेरगावी जायचं होतं, मी कंपनीच्या कामाने गावाबाहेर होतो, म्हणून किल्ली काकूंकडे दिली. मॅडम आणि मी एकाच दिवशी परतलो, तर टाकीतलं पाणी दुधासारखं झालेलं. तळाशी भिजवलेली मूगडाळ आणि पनीरचे तुकडे. दोन्ही प्राणी एका कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेले.

"अहो, श्रावणात कशाला त्यांना मांसमच्छी," काकू अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या. "म्हटलं, प्रोटीन तर मिळालं पाहिजे. पनीर चांगलं घरी केलेलं होतं हो!"

मला वाटलं, आता काकूंचं काही खरं नाही. पण मॅडमनी बाह्या खोचल्या, बादली घेतली आणि पाणी बदलता बदलता इतकंच म्हणाल्या, "काकू, श्रावण तुमचा आहे. तो तुम्ही पाळा. यांच्या गळ्यात कशाला घालता?" मग कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून चिमटा काकूंच्या हातात दिला. "बघू नका. नुसतं धरा." काकूंनी डोळे घट्ट मिटले आणि रामरक्षा सुरू केली. तात्याने तुकडा ओढला तेव्हा चिमट्याला छोटासा झटका बसला. काकू मधेच थांबून ओरडल्या, "अगंबाई, घेतलं की हो त्यानं!" त्यानंतर काकू जिन्यात भेटल्या की, "आज मैनेला काय?" असं विचारू लागल्या. आंघोळ मात्र पुन्हा करत.

आता दौलतचं सांगतो. दौलत मॅडमचा धाकटा भाऊ. गावी द्राक्षबाग, ट्रॅक्टर, दारात पिकअप. वडील गेले ते ऐन द्राक्षतोडणीच्या दिवसांत. त्या वेळी सगळ्या भावकीसमोर मॅडम त्याला म्हणाल्या होत्या, "बागेपुढं तुला बाप दिसला नाही." त्यानंतर बोलणंच संपलं. राखी कुरिअरने जाई आणि भाऊबीजेला फोन येई, तोही अर्ध्या मिनिटाचा. अशाच एका भाऊबीजेला, फोनवर बोलायला काहीच नाही म्हणून मॅडम म्हणून गेल्या, "इथं गांडुळं मिळत नाहीत रे. खताच्या खड्ड्यातली लाल आणते, ती कडू असतात. तात्या थुंकून टाकतो." तात्या कोण, हेही त्याने विचारलं नाही. पुढच्या रविवारी द्राक्षाच्या पेटीत ओली माती आणि गांडुळं घेऊन तो दारात उभा होता.

मग दर रविवारी येऊ लागला. भरदार माणूस, पण बहिणीच्या घरात खुर्चीच्या काठावर बसायचा. दोन्ही घरांची दारं उघडी असल्यामुळे मला सगळं ऐकू येई. "बरंय ना?" "बरंय." "पाऊस?" "झाला." "मुलं?" "शाळेत जात्यात." सख्ख्या बहीणभावांनी परक्यासारखं इतकं नीट बोलावं, याचं मला वाईट वाटे. पण पेटी उघडली की जरा जीव येई. "ही बघ आक्का, लय जाड हायेत," असं तो म्हणे आणि मॅडम एकेक गांडूळ उचलून बघत. रविवारी सकाळपासून त्यांची नजर खिडकीकडे असे, हे मी सांगितलं तर त्यांना आवडणार नाही. पण असे.

पुढच्या वर्षी छाटणीनंतर बागांमध्ये फवारण्या सुरू झाल्या होत्या. दौलतने पेटी आणली, तात्याची गांडुळाची पाळी होती, त्याने दोन तुकडे आवडीने खाल्ले. मैनेला त्या दिवशी कोळंबी होती. दुसऱ्या दिवशी तात्या कुशीवर तरंगत होता. तुरे फिके पडलेले, शेपटीचं टोक वळलेलं. मॅडम त्याला डब्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, मी रिक्षात सोबत. डॉक्टर बराच वेळ डब्यात बघत राहिले. "मॅडम, मी गाई-म्हशी बघतो. फार तर कुत्रं. खाल्लं काय यानं?"

"गांडूळ."

"कुठलं?"

"दिंडोरीकडचं. भावाच्या बागेतलं."

डॉक्टरांनी मान वर केली. "या दिवसांत? मग मला काय विचारता, तुम्हीच शेतकऱ्याच्या घरातल्या."

त्यांनी स्वच्छ गार पाण्यात ठेवा एवढंच सांगितलं. मॅडमनी फ्रीजमधला भाजीचा कप्पा रिकामा करून डबा त्यात ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ पाणी बदलू लागल्या. कोथिंबीर, मिरच्या माझ्या फ्रीजमध्ये राहायला आल्या. त्या ठेवायला आल्या असताना मॅडम पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "अंबडवाले, दौलतला सांगितलं तर तो परत यायचा नाही. एकदा बोलून घालवलाय मी त्याला. नाही सांगितलं तर रविवारी पुन्हा हेच घेऊन येईल. इतकी वर्षं मला भाऊ असून नव्हता. या गांडुळांनी आणला होता." मी मिरच्या आत ठेवल्या.

रविवारी दौलत आला. मॅडमनी पेटी उघडली, "छान आहेत" म्हणाल्या.

"तात्या दिसंना?"

"झोपलाय. मागं आहे."

चहा झाला, पावसाची चौकशी झाली, दौलत गेला. जिल्ह्याच्या स्पर्धेत आपल्याच शाळेची मुलगी शिट्टीआधी सुटली म्हणून जिंकलेली शर्यत पुन्हा पळायला लावणारी ही बाई आज खोटं बोलली होती. त्या खुर्चीवर बसल्या. पेटी मांडीवर तशीच. आणि मग एकदम उठून, पेटी खाली ठेवून, त्या जिना उतरून धावल्या. मी मागोमाग गेलो. पिकअप बाजाराच्या तोंडाशी गर्दीत अडकली होती.

"दौलत! थांब!"

मैदानावरचा तो आवाज ऐकून अर्धा बाजार थांबला. दौलत खाली उतरला. मेथीच्या ढिगाशेजारी उभं राहून मॅडमनी त्याला सगळं सांगितलं. तात्या मरणाच्या दारात आहे, गांडुळांना औषध लागलं होतं, आणि वर आपण खोटं बोललो.

"मी तर बांधावरची काढली, आक्का," दौलत म्हणाला. "बांधावर कुठं फवारतो आपण?"

"वारा बांध बघून थांबतो का रे? ब्लोअर मारला की सगळीकडं उडतंय ते."

दौलतने पिकअपच्या दारावर हात टेकला. मग म्हणाला, "म्हंजे मीच विष आनलं."

"तू खाऊच आणला होतास. त्यात काय होतं ते तुलाबी माहीत नव्हतं आन् मलाबी." गावची भाषा त्यांच्या तोंडी मी प्रथमच ऐकली.

दौलत गाडीत बसला आणि निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तात्या जगला. फ्रीजमधून टाकीत परत आला, तुऱ्यांना थोडा रंग आला, पण खाईना. या दिवसांत मॅडमना पाहून मला त्यांच्याविषयी जो आदर वाटला तो आजही तसाच आहे. रोज चिमटा घेऊन उभ्या राहायच्या. कोळंबी पुढे धरायच्या, त्याने तोंड फिरवलं की, "आज नको? बरं. उद्या दुसरं बघू." दुसऱ्या दिवशी लाल अळ्या, मग गोळी भिजवून, मग माशाचा बारीक तुकडा, मग पुन्हा कोळंबी. तोंड उघडून कोंबायचा सल्ला फोनवर कुणीतरी दिला, तो त्यांनी ऐकला नाही. "जबरदस्तीनं खाल्लेलं अंगी लागत नाही." तात्याचं पोट डोक्यापेक्षा बरंच अरुंद झालं होतं. दामलेकाकू येऊन बघून, हात जोडून खाली जात. रविवारी दार सकाळपासून अंधार पडेपर्यंत उघडं असे. दौलतला फोन करा, असं मी एकदा सुचवलं. "तो येईल तेव्हा येईल. त्यालाही मी कोंबणार नाही," मॅडम म्हणाल्या.

याच सुमारास माझी पुण्याला बदली झाली. सामान बांधत होतो त्या रविवारी जिन्यात जड पावलं वाजली. दौलत. हातात पेटी.

तो आत आला, पेटी खाली ठेवली आणि बसायच्या आधीच बोलू लागला. इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "गोठ्यामागं वाफा केलाय, आक्का. बागंपासून लांब. वरनं शेडनेट, बाजूनं ताडपत्री. तिकडं फवारणीचा पंप न्यायचाच नाय म्हणून गड्यांना सांगून ठेवलंय. माती आन् गांडुळं पेठ तालुक्यातनं आनली, डोंगरातल्या नागलीच्या वावरातली. तिकडं कोन फवारतंय?"

"हं."

"तरीबी लगेच नाय आनली. आधी माझ्या कोंबड्यांना घातली. रोज. पंधरवडा झाला, एक बी कोंबडी लंगडत नाय."

मॅडमनी पेटी जवळ ओढली. "आणि मेल्या असत्या तर?"

"तर तुला तोंड दाखवलं नसतं."

मॅडमनी एक गांडूळ धुतलं, बारीक तुकडा केला, चिमट्यात धरला आणि चिमटा दौलतच्या हातात दिला. "तू दे."

"मी? नको आक्का."

"दे म्हणते ना."

त्या जाडजूड हातात चिमटा अगदी किरकोळ दिसत होता. तुकडा तात्यापुढे गेला. तात्याने डोकं जरासं वळवलं, मग पुन्हा कोपऱ्याकडे तोंड केलं. दौलतचा चेहरा उतरला. "नाय खात. हात लय थरथरतोय माझा."

"थरथरू दे. त्याला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. हललं म्हणजे तर कळतं त्याला. तसाच धर."

दौलतने तसाच धरला. तुकडा पाण्यात थरथरत राहिला. तात्या वळला, एक पाऊल पुढे आला, थांबला, आणि गपकन तोंड उघडून मिटलं. चिमटा रिकामा होता. दौलत "आक्का!" एवढंच म्हणाला आणि टोपी काढून तिनेच तोंड पुसू लागला. मॅडमच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं आणि ते त्या पुसतही नव्हत्या. मीही रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

माझा टेम्पो आला तो मधल्या वारी, सकाळी. किल्ली मालकाला देऊन निरोप घ्यायला समोरच्या दाराशी गेलो. रविवार नसूनही दौलत आलेला होता. बहीणभाऊ जमिनीवर फतकल मारून बसले होते, मधे फळी, फळीवर गांडुळं, दोघांच्या हातात एकेक सुरी.

"एवढा मोठा तुकडा? तोंड बघ त्याचं, तुझं नको बघू!"

"लय बारीक केलं तर त्यात ऱ्हातंय काय, आक्का?"

"तुला कळतंय का मला?"

"लहानपनापासनं तुझंच खरं!"

"मग? आहेच माझं खरं. आण ती सुरी इकडं."

"नाय देत."

आवाज खाली भाजीबाजारापर्यंत जात असणार. मी दारात बराच वेळ उभा राहिलो. दोघांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष गेलं नाही. मग मी निरोप न घेताच जिना उतरलो.